कुणाला काय ठाऊक, आणि कधी

कोल्हापूर शहरातून पूर्वेला निघालं, पुणे–बंगळूर महामार्ग ओलांडला, की उचगाव लागतं. करवीर तालुक्यातलं हे गाव आता शहराला जवळजवळ चिकटलं आहे. शेजारी गांधीनगरची कापडपेठ, पुढं मुडशिंगी, आणखी पुढं पट्टणकोडोली, मग हुपरी. या प्रकरणासाठी आपण उचगावात एक गोष्ट घडवू. ती कल्पित आहे आणि मुद्दाम साधी ठेवली आहे.

एका घरात आबा, आजी आणि कॉलेजात जाणारा नातू. नातवाची फी भरायची मुदत आली, म्हणून आबांनी दुभती म्हैस मुडशिंगीच्या एका माणसाला विकली. तिची लहान रेडी मात्र घरीच ठेवून घेतली. आजी तेव्हा माहेरी होती. रात्री म्हशीनं नवं दावं तोडलं आणि पहाटे ती उचगावात आपल्या जुन्या गोठ्यापुढं येऊन उभी राहिली. सकाळच्या बसनं आजी परतली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं रोजच्यासारखी चरवी उचलली आणि धारेला बसली.

घटना एवढीच आहे. आता ती सांगायची कशी?

साहित्यातल्या संज्ञा शिकवताना बहुधा व्याख्यांची यादी हातात दिली जाते: कथानक, निवेदक, संघर्ष, प्रतीक, कलाटणी. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि नंतर गोष्ट वाचताना त्यातलं काही त्याच्या कामी येत नाही. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. या संज्ञा सुट्या-सुट्या शिकवल्या जातात आणि त्यांना बांधणारा धागा कुणी दाखवत नाही. माझ्या मते तो धागा एका साध्या प्रश्नात आहे: कुणाला काय ठाऊक आहे, आणि कधी? गोष्टीत ठाऊक असणारे तीन पक्ष असतात. एक सांगणारा, दुसरी गोष्टीतली माणसं, तिसरा ऐकणारा किंवा वाचणारा. या तिघांत माहितीची वाटणी कशी करायची, कुणाला आधी द्यायची, कुणापासून किती वेळ राखून ठेवायची, हेच कथनकलेचं मोठं काम. बहुतेक संज्ञा ही या वाटणीच्या निरनिराळ्या पद्धतींना दिलेली नावं आहेत.

आधी कथानक घेऊ. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत नुसता घटनाक्रम आणि कथानक यांत फरक केला. एकामागून एक काय घडलं ते सांगणं हा घटनाक्रम. ते का घडलं, एका घटनेतून दुसरी कशी निघाली, हे बांधून दाखवणं म्हणजे कथानक. ‘आबांनी म्हैस विकली आणि ती रात्री परत आली’ हा घटनाक्रम झाला. ‘आबांनी रेडी ठेवून घेतली, म्हणून म्हैस परत आली’ हे कथानक. मध्ये एक कारण आलं, आणि त्या कारणाबरोबर आबांवर थोडी जबाबदारीही आली. रेडी मोठी झाली की घरात पुन्हा दूध होईल, हा त्यांचा शहाणा हिशेब होता. त्याच हिशेबानं व्यवहार उलटवला.

आता ही रेडी वाचकाला कधी दाखवायची? इथं वाट फुटते. पहिल्याच परिच्छेदात दाखवली, तर म्हैस मुडशिंगीला गेली तरी वाचकाच्या मनाचा एक कोपरा उचगावच्या गोठ्यात राहतो. आता काय होणार, असं त्याला वाटत राहतं. ती उत्कंठा. रेडी शेवटपर्यंत लपवली, म्हैस का आली याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही, आणि शेवटच्या ओळीत गोठ्याच्या अंधाऱ्या कडेला बांधलेली रेडी हंबरली, तर ती कलाटणी. साहित्य तेच, फक्त माहिती हाती पडण्याची वेळ बदलली. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण सारख्या नाहीत. कलाटणीचा धक्का पहिल्या वाचनातच खर्च होतो. उत्कंठा मात्र दुसऱ्यांदा वाचतानाही काही प्रमाणात उरते.

शेवट माहीत असला की उत्कंठा संपते, असं पुष्कळांना वाटतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ हे त्याला चांगलं उत्तर आहे. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे; ‘स्वामी’ १९६२ सालची. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला ऐन तारुण्यात वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे कादंबरी हातात घेण्याआधीच मराठी वाचकाला ठाऊक असतं. तरीही वाचक पानं उलटत राहतो. कारण ‘काय होणार’ याची जागा ‘कसं होणार’ यानं घेतलेली असते. शेवट माहीत असल्यामुळंच मधल्या एखाद्या सुखाच्या प्रसंगाला वेगळी धार चढते. नारदीय कीर्तनात हे शतकानुशतकं चालत आलं आहे. पूर्वरंगात तत्त्व मांडायचं आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, हा त्याचा साचा. आख्यान हरिश्चंद्राचं असो की प्रल्हादाचं, देवळात बसलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. तरी बुवा ऐन जागी थांबून झांज वाजवतात तेव्हा सभा श्वास रोखून बसते.

आता आपल्या आजीकडं वळू. ती धारेला बसली आहे. म्हैस विकली गेल्याचं तिला ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे. चरवीत पडणारं दूध आता कायद्यानं मुडशिंगीच्या माणसाचं आहे. आजी म्हशीच्या अंगावरून हात फिरवत सहज म्हणते, “आज लई पान्हा सोडलास गं.” तिच्या दृष्टीनं हे साधं कौतुक आहे. वाचकाला मात्र माहीत आहे, की म्हैस रात्रभर चालून आपल्या रेडीसाठी आली आहे. एकाच वाक्याला दोन अर्थ आले: बोलणाऱ्याचा एक, ऐकणाऱ्याचा दुसरा. याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. कोणी नाट्यात्म विसंगतीही म्हणतात. यातला ‘उपरोध’ म्हणजे टोमणा नव्हे. इथं कोणी कोणाला लागेल असं बोलत नाही. पात्राला असलेली माहिती आणि वाचकाला असलेली माहिती यांतलं अंतर, एवढाच त्याचा अर्थ.

या अंतराचा मराठीतला सर्वांत दाहक नमुना मी ‘पिंजरा’त पाहतो. १९७२ सालचा हा चित्रपट व्ही. शांताराम यांचा, संवाद शंकर पाटलांचे. गावाला सन्मार्गाला लावणारे गुरुजी तमाशातल्या बाईच्या पायी घसरतात. दुसऱ्याच माणसाचं प्रेत गुरुजींचं म्हणून खपवलं जातं. गाव त्यांना देवत्व देतं, त्यांचा पुतळा उभारतं. आणि जिवंत असलेले, ओळखू न येणारे गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात. न्यायालयात, गावात, पुतळ्यासमोर जे जे बोललं जातं त्याचा खरा अर्थ फक्त त्या आरोपीला, त्या बाईला आणि प्रेक्षकाला कळतो. ज्याची पूजा चालली आहे त्यालाच गाव फाशी मागतं आहे. शेवटी खरं काय ते गावाला कळलं असतं, तर उपरोध संपला असता आणि त्याबरोबर चित्रपटही कोसळला असता. ती माहिती शेवटपर्यंत गावापासून दूर ठेवण्यातच त्याची ताकद आहे.

हे अंतर ज्या क्षणी मिटतं त्या क्षणालाही नाव आहे. अॅरिस्टॉटलनं शोकांतिकेचा विचार करताना दोन गोष्टींना फार महत्त्व दिलं: दैव उलटणं आणि ओळख पटणं. आपल्याकडं दुसरीला अभिज्ञान हा शब्द आहे. कालिदासानं तो नाटकाच्या नावातच घातला. दुष्यंत शकुंतलेला विसरतो, अंगठी कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, ती पाहून राजाला आठवतं. आपल्या गोष्टीत आजीचं अभिज्ञान कशानं व्हावं? नातवानं सांगून टाकलं तर तो सर्वांत कमजोर मार्ग. ती नुसती बातमी होईल. म्हशीच्या गळ्यात परक्या दाव्याचा तुटका तुकडा लोंबतो आहे, आणि त्याची गाठ आबांच्या हातची नाही हे आजीच्या बोटांना कळलं, तर ते तिचं स्वतःचं ज्ञान होईल. दाखवणं आणि सांगणं यांतला फरक शिक्षक तासन्‌तास समजावतात. तो या गाठीत दिसतो.

तो तुटका तुकडा मात्र आधी कुठंतरी ओझरता दिसलेला असला पाहिजे, नाहीतर तो शेवटी सोयीसाठी आणून टाकल्यासारखा वाटेल. पुढं येणाऱ्या गोष्टीची अशी आगाऊ, अंधुक खूण म्हणजे पूर्वसूचन. उचगावच्या रस्त्यानं पुढं असलेल्या पट्टणकोडोलीला पूर्वसूचनाचा एक अगदी उघडा, जाहीर प्रकार दरवर्षी पाहायला मिळतो. दसऱ्यानंतर तिथं विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून धनगर समाज लोटतो, भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं होतं. यात्रेचे मानकरी फरांडे बाबा तलवार घेऊन हेडाम हे विधिनृत्य खेळतात आणि भाकणूक सांगतात: पाऊस कसा होईल, धान्याचे भाव कसे राहतील, राजकारणात काय उलथापालथ होईल. भाकणुकीची भाषा मोघम असते. ती ऐकताना पूर्ण उलगडत नाही. वर्ष सरताना लोक तिचा अर्थ लावतात आणि एकमेकांना म्हणतात, बघा, सांगितलं होतं. चांगलं पूर्वसूचनही असंच मागं वळून उमगतं. वाचताना ते साधं वर्णन वाटलं पाहिजे. शेवट कळल्यावर वाचकानं मागं जाऊन म्हटलं पाहिजे, इथं सांगितलं होतं. वाचताक्षणीच ते खूण म्हणून ओळखू आलं, तर लेखकानं हात दाखवला असं समजावं.

त्याच पट्टणकोडोलीत १९२६ साली शंकर पाटील जन्मले. ‘वळीव’, ‘धिंड’ हे कथासंग्रह, ‘टारफुला’ ही कादंबरी आणि अनेक चित्रपटांच्या पटकथा-संवाद त्यांच्या नावावर आहेत. १९८५ साली नांदेडच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण या प्रकरणाच्या दृष्टीनं त्यांचं आणखी मोठं काम म्हणजे कथाकथन. ते, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर असे तिघं गावोगाव मंचावर गोष्टी सांगत हिंडले आणि हजारोंनी माणसं त्या ऐकायला जमली. तोंडी गोष्टीत माहितीची वाटणी आणखी बारीक हातानं करावी लागते. छापील पानावर वाचक मागं जाऊन पुन्हा वाचू शकतो. श्रोता जाऊ शकत नाही. म्हणून तोंडी कथनात पुनरुक्ती हा दोष नसतो, गरज असते. आणि विराम हे तिथलं खरं हत्यार. सांगणारा वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबतो, श्रोता तो शब्द मनात स्वतःच पुरवतो; मग सांगणारा कधी तोच शब्द देतो, कधी दुसराच. तमाशाच्या वगात सोंगाड्याही माहितीची अशीच वाटणी करतो. राजाला जे कळलेलं नसतं ते सोंगाड्याला कळलेलं असतं आणि तो ते राजाला न सांगता थेट समोरच्या लोकांना सांगतो. नाट्यात्म उपरोधाची व्याख्या आमच्या गावांतल्या माणसांनी कधी वाचली नसेल, पण यात्रेच्या फडात तिचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे.

निवेदक ही संज्ञा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी जास्त थांबतो. निवेदक म्हणजे लेखक नव्हे. लेखकानं गोष्ट सांगण्यासाठी नेमलेला तो आवाज असतो. त्या आवाजाला किती ठाऊक आहे यावरून त्याचे प्रकार पडतात. सगळ्यांच्या मनातलं, सगळ्या काळातलं ज्याला दिसतं तो सर्वज्ञ निवेदक. गोष्ट ‘तो’, ‘ती’ अशी सांगायची, पण एकाच पात्राच्या मनाला चिकटून राहायचं, त्याला जे दिसत नाही ते वाचकालाही दाखवायचं नाही, तो मर्यादित तृतीयपुरुषी. आणि ‘मी’ म्हणून बोलणारा तो प्रथमपुरुषी.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमूच्या तोंडून सांगितली. ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती तो काळ १८९० नंतरचा, बायकांनी घराबाहेर बोलणंही मुश्कील असल्याचा. सर्वज्ञ निवेदकानं तीच हकीकत सांगितली असती तर ती विधवांच्या दुःखावरचं निवेदन झाली असती. यमू ‘मी’ म्हणाली, आणि वाचणाऱ्या पुरुषाला कोवळ्या वयाच्या मुलीच्या जागी बसून घर बघावं लागलं. ‘बनगरवाडी’त व्यंकटेश माडगूळकरांनी उलट बाजूचा माणूस निवडला: धनगरांच्या वाडीत नव्यानं आलेला तरुण मास्तर. त्याला वाडीतलं काही ठाऊक नाही; वाचकालाही नाही. दोघं एकदमच शिकतात. म्हणून वाडीची ओळख करून देणारा एकही परिच्छेद तिथं उपरा वाटत नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त पुन्हा वेगळं. यादव उचगावपासून फार दूर नसलेल्या कागलचे. त्यांचा नारबा हा सालगडी. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जायला लागतं. नारबाला यांत्रिकीकरण, शेतीचं अर्थकारण यांतलं काही ठाऊक नाही. वाचकाला ते ठाऊक आहे. नारबा फक्त बैलाविषयी बोलतो, आणि त्याच्या अज्ञानाच्या कडेनं वाचकाला एका युगाचा शेवट दिसतो. कमी जाणणारा निवेदक किती जास्त सांगू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला मराठीत सापडलेलं नाही.

एकाहून जास्त निवेदक नेमले तर वाचकाला न्यायाधीशाच्या जागी बसावं लागतं. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू ‘मी’ म्हणून मांडतात. ययाति स्वतःची दुबळी बाजू समजावून सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही बोलत नाही. ज्याच्या सांगण्यावर वाचकाला पूर्ण विसंबता येत नाही त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ययाति त्याच्या अगदी जवळ जातो. शिवाजी सावंत आजऱ्याचे. त्यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही बोलतात. कर्णाचा जन्म कुणाच्या पोटी झाला हे कुंतीला ठाऊक आहे, कृष्णाला ठाऊक आहे, वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे. ज्याला बराच काळ ठाऊक नाही तो कर्णच. एवढी मोठी कादंबरी त्या एका न दिलेल्या माहितीवर उभी आहे.

निवेदक बदलला की जमीनही बदलते, याचा पुरावा उचगावच्या शेजारीच आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं घरादारातून उठवून सैबेरिया, कझाकस्तानात नेलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ पासून वळिवडे इथल्या छावणीत राहिले. सुमारे ५ हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. ती गेली आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं उतरली. त्यातून आजचं गांधीनगर उभं राहिलं. एकच माळ. पोलिश मुलगी सांगेल तेव्हा तो बर्फातून सुटका झाल्यावर मिळालेला उन्हाचा देश असेल. सिंधी दुकानदार सांगेल तेव्हा ती शून्यातून मांडलेली पेढी असेल. वळिवड्याचा शेतकरी सांगेल तेव्हा ते आपल्या शिवाराच्या कडेला दोनदा वसलेलं परकं गाव असेल. या माळावरची मोठी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. तिला हे तीनही आवाज लागतील, कारण कुठल्याही एकाला बाकीच्या दोघांचं दुःख ठाऊक नाही.

आवाज आला की बोली आली. बोली म्हणजे गोष्टीला गावरान रंग देण्यासाठी वरून शिंपडायची वस्तू नव्हे. कोण बोलतं आहे, कुठं वाढलं, कुणापुढं कसं बोलतं, ही सगळी माहिती बोली न सांगता पोचवते. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात. उचगावची आजी नातवाला “मी धार काढतो, तू वैरण टाक” म्हणाली, तर इथल्या वाचकाला ती लगेच घरची वाटेल. तिनं ‘काढते’ म्हटलं, तर लेखकाचा कान पुण्याचा आहे हे उघडं पडेल. आणि तीच आजी नातवाच्या प्राध्यापकापुढं एकदम ‘मी येते’ असं शाळेतलं बोलू लागली, तर तिच्या मनातला संकोच लेखकाला वेगळा लिहावा लागणार नाही.

संघर्ष या संज्ञेबद्दल फार लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज ही विभागणी शाळेपुरती ठीक. कस लागतो तो दोन खऱ्या इच्छा एकाच माणसात भिडतात तेव्हा. यादवांच्याच ‘नटरंग’मधल्या गुणाला फडावर राजा व्हायचं आहे, फड उभा राहायचा तर त्याला नाच्या व्हावं लागतं. पैलवानी शरीराच्या त्या माणसाला कुणी शत्रू लागत नाही. आपल्या आबांचंही तसंच: दिलेला शब्द एकीकडं, गोठ्यातली रेडी दुसरीकडं.

प्रतीक, रूपककथा, दृष्टांत या तिघांत वाचकांचा नेहमी घोळ होतो. तो सोडवायला आपला प्रश्न पुन्हा उपयोगी पडतो: अर्थ कुणाला ठाऊक आहे? चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले; ते ११४ आहेत. त्यांची रचना ठरलेली आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत कशाला लावायचा ते. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट त्यात आहे. तिथं अर्थ सांगणाऱ्याला ठाऊक असतो आणि तो स्वतःच तो ऐकणाऱ्याच्या हाती ठेवतो. खांडेकरांनी मराठीत रुजवलेल्या रूपककथेत अर्थ सांगणाऱ्याला ठाऊक असतो, पण तो फूल, दगड, वारा यांच्या तोंडून सूचित करतो. वाचकाला तो थोड्या प्रयत्नानं पूर्ण सापडतो. प्रतीकात मात्र अर्थ लेखकालाही पुरता ठाऊक नसतो. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तल्या कथा वाचाव्यात म्हणजे हे कळतं. त्यांतल्या प्रतिमांना एकच अर्थ लावायला गेलं की कथा हातातून निसटते. म्हैस म्हणजे शेतकऱ्याची लक्ष्मी, असं आपण गोष्टीत लिहून टाकलं तर तो फार झाला तर दृष्टांत होईल. म्हैस म्हैसच राहिली, शेण-मुतासकट, तरच ती प्रतीक होण्याची शक्यता उरते.

या सगळ्या हिकमतींचा विचार म्हणजे तंत्र. मराठीत या शब्दाला वजन आलं ते कोल्हापुरात. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. १९३१ साली त्यांचं ‘प्रतिभासाधन’ आलं. कथेला आरंभ कसा असावा, गुंता कसा वाढवावा, निरगाठ कशी बसवावी, ती कशी उकलावी, याचा त्यांनी धडा घालून दिला आणि एक पिढी तो गिरवत लिहायला शिकली. पुढं १९३८ साली खांडेकर शिरोड्याहून याच शहरात राहायला आले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा मराठीतला गाजलेला वाद या दोन नावांभोवती पेटला, आणि काही वर्षं दोघंही एकाच गावात राहत होते. फडक्यांच्या साच्याविरुद्ध नंतर नवकथेनं बंड केलं. गाडगीळ, माडगूळकर, गोखले, भावे यांनी निरगाठ आणि उकल यांच्याशिवायही कथा उभी राहते हे दाखवलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. फडक्यांची चूक तंत्र शिकवण्यात नव्हती. एकच तंत्र पुरेसं आहे असं वाटण्यात होती.

गोष्टीत गोष्ट सांगण्याची चौकटकथा हीही फार जुनी वाटणी आहे. परंपरेनुसार गुणाढ्यानं सातवाहनांच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणात, पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली. राजानं ती नाकारली तेव्हा तो एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकत गेला. उरलेला भाग पुढं सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’पर्यंत पोचला, आणि त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. वेताळ प्रत्येक गोष्ट निवाड्यापाशी आणून थांबवतो आणि राजालाच विचारतो: आता सांग, यात खरा कोण? राजा उत्तर देतो आणि वेताळ सुटून पुन्हा झाडावर जातो. शेवटच्या गोष्टीचं उत्तर मात्र राजालाही सापडत नाही.

खुल्या शेवटाचा हा फार शहाणा नमुना आहे, आणि नवे लेखक त्यातलीच महत्त्वाची अट विसरतात. वेताळ उत्तर राखून ठेवतो, पण घटनेतलं काहीही राखून ठेवत नाही. न्याय करायला लागतं तेवढं सगळं तो राजाला देतो. अर्धवट सोडलेला शेवट आणि खुला शेवट यांत फरक हाच. आबांनी म्हैस मुडशिंगीला परत नेऊन सोडली की पैसे परत करायचं ठरवलं, हे आपण लिहिलं नाही तरी चालेल. पण फी भरून झाली आहे का, रेडी किती दिवसांची आहे, ज्यानं म्हैस घेतली त्याच्या घरी दूध कुणासाठी हवं होतं, आजीनं काढलेल्या त्या चरवीभर दुधाचं काय केलं, हे सगळं वाचकाच्या हाती आलेलं असलं पाहिजे. त्यातली एकही गोष्ट लेखकानं स्वतःजवळ ठेवली, तर निर्णय वाचकावर सोपवल्याचा त्याचा दावा खोटा ठरतो.